तणनियंत्रणाचे अर्थशास्त्र : बराकपूरचा ताग आणि महाराष्ट्राचा भुईमूग

शेतीच्या नुकसानीचा विचार करताना दुष्काळ, अतिवृष्टी, गारपीट आणि कीड यांचा उल्लेख आपण प्रथम करतो. तणांमुळे होणारे नुकसान मात्र सहसा बातमीचा विषय होत नाही. पीक उभे असते, हिरवे दिसते, त्याची काढणीही होते. केवळ उत्पादन जेवढे यायला हवे तेवढे येत नाही. जबलपूर येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये या अदृश्य नुकसानीचा अंदाज प्रसिद्ध केला. २००३ ते २०१४ या काळात १८ राज्यांतील शेतकऱ्यांच्या शेतांवर घेतलेल्या १,५८१ चाचण्यांच्या आधारे त्यांनी असा निष्कर्ष काढला की, दहा प्रमुख पिकांत तणांमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ११ अब्ज डॉलरचे नुकसान होते. रुपयांतील नुकसान भातात सर्वाधिक असले, तरी उत्पादनातील घट टक्केवारीने पाहिल्यास पहिला क्रमांक भुईमुगाचा लागतो. भुईमुगातील ही घट ३५.८ टक्के, सोयाबीनमध्ये ३१.४ टक्के, तर गव्हात १८.६ टक्के आढळली.

खाद्यतेलाच्या एकूण गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाला तेलबियांच्या पिकातील एक-तृतीयांश घट परवडणारी नाही. १९८६ चे तेलबिया तंत्रज्ञान अभियान असो किंवा ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झालेले राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियान असो, उत्पादकता वाढविणे हे दोन्हींचे सूत्र राहिले आहे. उत्पादकता वाढीचा विचार करताना सुधारित बियाणे आणि सिंचन यांच्याबरोबरच तणनियंत्रणाचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते. तणनाशक वापरावे की मजूर लावावेत, हा प्रश्न वरवर पाहता शेतकऱ्याच्या खासगी हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात मजुरीचा दर, स्त्रियांचा रोजगार, जमिनीचे आरोग्य आणि सार्वजनिक संशोधनाची भूमिका असे अनेक धागे गुंतलेले आहेत. हे धागे उलगडून पाहण्यासाठी महाराष्ट्रापासून दूर, गंगेच्या खोऱ्यातील बराकपूर येथील अनुभव विशेष उपयुक्त आहे.

तण आणि काळ

नको त्या ठिकाणी उगवलेली वनस्पती म्हणजे तण, ही तणाची सर्वमान्य व्याख्या होय. हराळी, लव्हाळा, केना, घोळ, काटेमाठ, दीपमाळ, गाजरगवत ही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाची तणे आहेत. ती पिकाशी पाणी, अन्नद्रव्ये, सूर्यप्रकाश आणि जागा या चार गोष्टींसाठी स्पर्धा करतात. मात्र ही स्पर्धा पिकाच्या संपूर्ण आयुष्यात सारख्याच तीव्रतेची नसते. पीक कोवळे असताना काही आठवडे असे असतात की, त्या काळात शेत तणमुक्त राहिले नाही, तर पुढे कितीही निंदणी केली तरी नुकसान भरून निघत नाही. या काळास पीक-तण स्पर्धेचा संवेदनक्षम काळ असे म्हणतात. भुईमुगात पेरणीनंतरचे पहिले सुमारे ४५ दिवस, तर तागात उगवणीनंतरचे सुरुवातीचे पाच-सहा आठवडे या दृष्टीने निर्णायक मानले जातात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या वस्तुस्थितीचा अर्थ महत्त्वाचा आहे. निंदणीच्या श्रमाचे मूल्य तो श्रम कोणत्या दिवशी उपलब्ध होतो यावर अवलंबून असते. एका परिसरातील सर्वांची पेरणी एकाच पावसावर होते; त्यामुळे सर्वांच्या शेतात तणेही एकाच वेळी उगवतात आणि मजुरांची मागणी एकाच पंधरवड्यात शिगेला पोहोचते. त्या पंधरवड्यात मजुरी वाढते, तरीही सर्वांना मजूर मिळत नाहीत. वर्षभराचा विचार करता श्रमाची विपुलता असलेल्या ग्रामीण भागातही हंगामी टंचाई का निर्माण होते, याचे हे उत्तम उदाहरण होय. पूर्वी सावडीच्या पद्धतीने एकमेकांच्या शेतात काम करून ही अडचण काही प्रमाणात सोडविली जात असे. परंतु सर्वांचीच निकड एकाच दिवशी असेल, तर सावडीलाही मर्यादा पडतात.

बराकपूर : संस्था आणि समस्या

कोलकात्याच्या उत्तरेस, उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात हुगळी नदीच्या पूर्व काठावर वसलेले बराकपूर इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १८५७ च्या घटनांमुळे परिचित आहे. कृषी-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ते आणखी एका कारणाने परिचित असावे. बराकपूरजवळील नीलगंज येथे केंद्रीय ताग व तत्सम तंतू संशोधन संस्था कार्यरत आहे. ‘क्रिजाफ’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी पेरल्या जाणाऱ्या बोरूलाही ‘ताग’ म्हणतात. या लेखातील ताग म्हणजे गोणपाटाचा धागा देणारे, बंगालीत ‘पाट’ या नावाने ओळखले जाणारे पीक होय.

हुगळीच्या पलीकडील काठावर रिश्रा येथे १८५५ मध्ये देशातील पहिली ताग गिरणी सुरू झाली आणि पुढे नदीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांग उभी राहिली. १९४७ च्या फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या, परंतु ताग पिकविणारे बहुतांश क्षेत्र पूर्व पाकिस्तानात गेले. कच्च्या मालाचा हा तुटवडा भरून काढण्यासाठी भारतीय हद्दीत तागाची लागवड वाढविणे ही राष्ट्रीय निकड ठरली. याच पार्श्वभूमीवर फाळणीनंतर उभारण्यात आलेली ताग संशोधन संस्था १९५३ मध्ये बराकपूर येथे स्थिरावली. आज देशातील तागाच्या उत्पादनात पश्चिम बंगालचा वाटा सर्वांत मोठा असून, सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबे या पिकाशी निगडित असल्याचे शासकीय आकडेवारी सांगते.

तागाची पेरणी प्रामुख्याने मार्चअखेरपासून मे महिन्यापर्यंत, कालबैसाखीच्या वळवाच्या पावसावर होते. तागाचे बी अत्यंत बारीक असते. तोसा जातीच्या तागाच्या सुमारे पाचशे बिया एका ग्रॅममध्ये मावतात. परंपरेने हे बी शेतात हाताने फोकून पेरले जाते. अशा शेतात रोपे कोठेही आणि कशीही उगवतात. त्यांच्या मधून कोणतेही औजार चालविणे शक्य नसते. परिणामी उकिडवे बसून, हातातील छोट्या खुरप्याने तणे काढणे आणि त्याच वेळी दाट रोपांची विरळणी करणे एवढाच मार्ग उरतो. उष्ण व दमट हवामानात तणे पिकापेक्षा वेगाने वाढतात आणि लव्हाळ्यासारखे तण जमिनीतील गाठींपासून पुन्हापुन्हा उगवते. त्यामुळे तागाच्या एकूण लागवडखर्चाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या निंदणी-विरळणीवर खर्ची पडतो. कृत्रिम धाग्याच्या पिशव्यांशी स्पर्धा करणाऱ्या पिकासाठी हा भार मोठा आहे. १९८७ च्या ताग वेष्टन सामग्री कायद्याने धान्य व साखरेसाठी तागाच्या पोत्यांना संरक्षण दिले आणि किमान आधारभूत किमतीचेही साहाय्य आहे. तथापि, लागवडखर्च कमी करणे हा टिकाऊ उपाय ठरतो.

तीन उपाय

बराकपूरच्या संस्थेने या समस्येवर सुचविलेले उपाय एकमेकांना पूरक आहेत. पहिला उपाय पेरणीची पद्धत बदलण्याचा आहे. फोकून पेरण्याऐवजी हाताने ओढावयाच्या बहुओळी पेरणी यंत्राने सुमारे २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर ओळीत पेरणी केल्यास बियाणे कमी लागते आणि दोन ओळींत औजार चालविता येते. दुसरा उपाय औजाराचा. संस्थेने विकसित केलेले ‘नेल वीडर’ हे एका चाकाचे, खिळ्यांसारखे दाते असलेले ढकलावयाचे कोळपे होय. उगवणीनंतर आठवड्याभरात, जमीन वाफशावर असताना ते चालविल्यास नुकतीच उगवलेली तणे उपटली जातात आणि मातीचा वरचा थर मोकळा होऊन ओलही टिकते. मनुष्याने उभ्याने चालवावयाचे हे औजार असल्याने उकिडवे बसण्याचे कष्ट वाचतात.

तिसरा उपाय तणनाशकांचा आहे. पेरणीनंतर लगेच, जमिनीत ओल असताना प्रेटिलाक्लोरसारखे उगवणपूर्व तणनाशक आणि त्यानंतर साधारण १५ ते २० दिवसांनी गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप-इथाइल हे उगवणपश्चात तणनाशक, असा क्रम अभ्यासिला गेला. यांशिवाय तागात मुगाचे आंतरपीक घेऊन मोकळी जमीन झाकण्याचा आणि तणांना वाव न देण्याचा मार्गही संस्थेने अभ्यासिला आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय ताग मंडळाने भारतीय ताग निगम व क्रिजाफ यांच्या सहकार्याने ‘ज्यूट-आयकेअर’ हा कार्यक्रम सुरू केला. प्रमाणित बियाणे, पेरणी यंत्र, नेल वीडर आणि ताग कुजविण्यासाठीचे जिवाणू मिश्रण यांचा एकत्रित प्रसार त्याद्वारे करण्यात आला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक लक्षवेधी साम्य-भेद आढळतो. बराकपूरला जे नव्याने घडवावे लागले, ते तत्त्व महाराष्ट्रातील शेतकऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिफणीने किंवा पाभरीने ओळीत पेरायचे आणि कोळप्याने अथवा डवऱ्याने दोन ओळींतील तण काढायचे, ही आपली प्रस्थापित पद्धती होय. तरीही भुईमुगात अडचण येते, ती पिकाच्या स्वभावामुळे.

भुईमुगाचा स्वभाव

भुईमुगाची फुले जमिनीवर येतात, पण शेंगा जमिनीखाली धरतात. फलधारणेनंतर फुलाच्या तळातून निघालेली आरी खाली वळते, जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग पोसते. साधारणतः पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांच्या सुमारास आऱ्या जमिनीत शिरू लागतात. त्यानंतर कोळपणी केल्यास आऱ्या तुटतात आणि थेट उत्पादन घटते. म्हणूनच आऱ्या सुटू लागल्यावर आंतरमशागत करू नये, अशी शिफारस केली जाते. याचा अर्थ असा की, भुईमुगात संवेदनक्षम काळ सुमारे ४५ दिवसांचा, परंतु औजाराला मुभा मात्र त्यापूर्वीच संपते. त्या अल्प अवधीत खरिपाची संततधार लागली, तर वाफसा येत नाही आणि कोळपे शेतात घालता येत नाही.

या कोंडीमुळे भुईमुगात तणनाशकांचा वापर वाढला. प्रचलित पद्धतीत पेरणीनंतर ४८ तासांच्या आत पेंडिमेथॅलिन हे उगवणपूर्व तणनाशक हेक्टरी सुमारे एक किलो क्रियाशील घटक या प्रमाणात, म्हणजे ३० टक्के तीव्रतेचे द्रावण असल्यास सुमारे ३.३ लिटर, फवारतात. पुढे साधारण २० ते २५ दिवसांनी, तणे दोन ते चार पानांवर असताना, इमॅझेथापायर किंवा क्विझालोफॉप-इथाइल यांची गरजेनुसार निवड केली जाते.

एकाच शेतात उभ्या असलेल्या दोन वनस्पतींपैकी तणनाशक एकीला मारते आणि दुसरीला सोडते, हे कसे घडते? या गुणधर्मास निवडकता म्हणतात. पेंडिमेथॅलिन अंकुरणाऱ्या रोपाच्या पेशीविभाजनात अडथळा आणते; भुईमुगाचे बी त्या रसायनाच्या थराखाली, पुरेशा खोलीवर असल्याने सुरक्षित राहते. क्विझालोफॉप गवतवर्गीय वनस्पतींतील स्निग्धाम्ले तयार करणारे विकर बंद पाडते; रुंद पानांच्या वनस्पतींतील हे विकर वेगळ्या घडणीचे असल्याने ताग आणि भुईमूग या दोन्ही पिकांना त्याची बाधा होत नाही. परंतु त्याच कारणाने रुंद पानांची तणेही सुटतात. इमॅझेथापायर काही आवश्यक अमिनो आम्लांची निर्मिती रोखते; भुईमूग, सोयाबीन यांसारखी शेंगवर्गीय पिके ते रसायन आपल्या पेशींत लवकर निष्प्रभ करतात. तागाजवळ ही क्षमता नाही. म्हणूनच रुंद पानांच्या तणांसाठी भुईमुगाला जो पर्याय उपलब्ध आहे, तो तागाला नाही. एका पिकाची शिफारस दुसऱ्या पिकास लागू करणे का धोक्याचे असते, ते यावरून ध्यानी यावे.

हिशेब कसा मांडावा

आता शेतकऱ्याच्या निर्णयाचे स्वरूप एका उदाहरणाने पाहू. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी गृहीत धरले आहेत. एक हेक्टर भुईमुगासाठी तीन पर्याय आहेत असे मानू. पहिला : दोन वेळा हाताने निंदणी, एकूण ६० मनुष्यदिवस. दुसरा : २,५०० रुपयांचे तणनाशक, फवारणीसाठी २ आणि उरलेली तणे उपटण्यासाठी १२, असे १४ मनुष्यदिवस. तिसरा : ओळीत पेरणी व दोन कोळपण्या यांसाठी औजारांचे भाडे २,००० रुपये आणि ओळीतील तणांसाठी धरून २२ मनुष्यदिवस.

मजुरीचा दर दिवसाला ३०० रुपये असेल, तर पहिल्या पर्यायाचा खर्च १८,००० रुपये, दुसऱ्याचा ६,७०० रुपये आणि तिसऱ्याचा ८,६०० रुपये येतो. पहिल्या व दुसऱ्या पर्यायाचा खर्च समान करणारा मजुरीचा दर काढावयाचा झाल्यास २,५०० रुपयांना वाचलेल्या ४६ मनुष्यदिवसांनी भागावे लागेल. उत्तर सुमारे ५४ रुपये येते. म्हणजे मजुरी याहून अधिक असेल, तर रसायन स्वस्त पडते.

मग अल्पभूधारक कुटुंब अजूनही खुरपे का हाती घेते? कारण त्याच्या दृष्टीने घरच्या श्रमाची किंमत बाजारातील मजुरीएवढी नसते. त्या दिवशी बाहेर काम मिळण्याची शक्यताच नसेल, तर त्या श्रमाचा संधिव्यय फार कमी असतो; उलट तणनाशकासाठी मात्र रोख पैसे मोजावे लागतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार पश्चिम बंगालमध्ये सरासरी धारणक्षेत्र एक हेक्टरहूनही कमी आहे. अशा ठिकाणी हाताने निंदणी करणे हा मागासलेपणा नसून आपल्या परिस्थितीशी सुसंगत असा निर्णय असू शकतो. बाहेरील रोजगार वाढला, तरुण शहराकडे गेले, की हाच हिशेब उलटतो.

या हिशेबात आणखी एक घटक सहसा सुटतो, तो म्हणजे विलंबाचा खर्च. हेक्टरी २० क्विंटल शेंगांचे उत्पादन अपेक्षित आहे आणि निंदणी उशिरा झाल्याने त्यात केवळ ५ टक्के घट झाली असे मानू. ही घट १ क्विंटलची होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी भुईमुगाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,२६३ रुपये होती. म्हणजे वरील उदाहरणात थोड्याशा विलंबाची किंमत दुसऱ्या पर्यायाच्या संपूर्ण खर्चाहून अधिक ठरते. शेतकरी तणनाशकाकडे वळतो, तो केवळ ते स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर ते योग्य दिवशी हाताशी असते म्हणून.

निंदणाऱ्या हातांचे काय?

शेतकऱ्याच्या खर्चातील बचत ही दुसऱ्या कोणाच्या तरी उत्पन्नातील घट असते. वरील उदाहरणात पहिल्या पर्यायाऐवजी दुसरा निवडल्यास हेक्टरी ४६ दिवसांचे काम कमी होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १४.४ कोटी शेतमजूर होते आणि त्यांपैकी सहा कोटींहून अधिक स्त्रिया होत्या. नांगरणी, पेरणी, मळणी ही कामे यंत्रांकडे गेल्यानंतर स्त्रियांच्या हाती जी मोजकी कामे उरली, त्यांत निंदणी-खुरपणी हे प्रमुख होय. विशेष म्हणजे फवारणीचे काम बहुधा पुरुषांकडे जाते. त्यामुळे तणनाशकाने काम केवळ कमी होत नाही, तर ते स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती जाते.

याची दुसरी बाजूही तेवढ्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. दिवसभर वाकून किंवा उकिडवे बसून निंदणी करणे हे कंबर व गुडघे झिजविणारे काम आहे. अनेक लहान शेतांवर ते घरच्या स्त्रीकडूनच, मजुरीशिवाय, करवून घेतले जाते. तिच्यासाठी निंदणीचे दिवस कमी होणे म्हणजे विश्रांतीचे किंवा अन्य उद्योगाचे दिवस वाढणे होय. भूमिहीन मजूर स्त्रीसाठी मात्र तेच दिवस चुलीशी जोडलेले आहेत. शिवाय निंदणीतून निघालेले गवत शेळ्या-म्हशींच्या दावणीत जाते आणि घोळ, माठ यांसारखी ‘तणे’ पालेभाजी म्हणून घरी नेली जातात. फवारलेल्या शेतातून हा लाभ मिळत नाही. तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करताना सरासरीपेक्षा वितरण पाहावे, हे तत्त्व येथे लागू पडते.

या दृष्टीने तिसऱ्या पर्यायाकडे पुन्हा पाहणे उचित ठरेल. ओळीतील पेरणी आणि उभ्याने चालवावयाचे कोळपे यांत दुसऱ्या पर्यायापेक्षा हेक्टरी १,९०० रुपये अधिक लागतात. परंतु आठ मनुष्यदिवसांचे काम अधिक मिळते, कष्टाचे स्वरूप सौम्य होते आणि रसायनाचा भार टळतो. हलके औजार स्त्रियांनाही चालविता आले, तर कुशल कामाची मजुरी त्यांच्या हाती जाऊ शकते.

बाटलीवर न लिहिलेला खर्च

तणनाशकाच्या किमतीत न दिसणारे खर्च प्रामुख्याने तीन प्रकारचे आहेत. पहिला, तणांतील प्रतिकारक्षमता. हरियाणात गव्हातील ‘गुल्ली-डंडा’ या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरले गेले. १९९० च्या दशकात हे तण त्या रसायनाला जुमानेनासे झाले आणि शेतकऱ्यांना अधिक महागड्या रसायनांकडे वळावे लागले. तणनाशकाची परिणामकारकता ही जणू सामाईक गायरान आहे. प्रत्येकाने अमर्याद वापर केला, तर ती सर्वांसाठीच संपते. दुसरा, तणांचे बदलते स्वरूप. केवळ गवतवर्गीय तणे मारणारे रसायन सातत्याने वापरल्यास लव्हाळा आणि रुंद पानांची तणे मोकळ्या जागेत फोफावतात. तिसरा, अवशेष व आरोग्य. इमॅझेथापायर जमिनीत काही काळ टिकत असल्याने पुढच्या हंगामातील संवेदनशील पिकांस बाधा होऊ शकते. तणनाशक फवारलेला पंप न धुता पिकावर कीटकनाशक फवारल्यास पीकच होरपळते.

या खर्चांचे नियमन करण्यासाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम करण्यात आले. तणनाशकेही या कायद्याच्या कक्षेत येतात. प्रत्येक रसायनाची नोंदणी पीकनिहाय केली जाते आणि वेष्टनावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती श्रेणी दर्शवितो. नियमन हे स्थिर नसते, याकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. भुईमुगासाठी अनेक जुन्या पुस्तकांत सुचविलेले अलाक्लोर हे तणनाशक २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून बंद करण्यात आले. मे २०२० मध्ये केंद्र शासनाने २७ रसायनांवरील बंदीचा मसुदा काढला, त्यात पेंडिमेथॅलिनचाही समावेश होता. मात्र २०२३ च्या अंतिम निर्णयात त्याच्यावर बंदी आली नाही. ग्लायफोसेटचा वापर ऑक्टोबर २०२२ मध्ये केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्यात आला. परंतु दुर्गम गावात हा नियम कोण आणि कसा तपासणार, हा प्रश्न केवळ अधिसूचनेने सुटत नाही.

सार्वजनिक संशोधनाचे प्रयोजन

या सर्व विवेचनातून एकात्मिक तणव्यवस्थापनाचा मार्ग पुढे येतो. उन्हाळ्यातील खोल नांगरट, तणविरहित बियाणे, ओळीतील पेरणी, पिकांची फेरपालट, आंतरपीक, वेळेवर कोळपणी आणि गरज असेल तेथेच, शिफारशीत मात्रेत व आलटून-पालटून तणनाशक, असा त्याचा क्रम आहे. हा क्रम नवा नाही. मग तो सर्वत्र रुजत का नाही? उत्तर बाजारपेठेच्या रचनेत आहे. तणनाशकाची बाटली दर हंगामात पुन्हा विकली जाते. त्यामुळे तिची जाहिरात करणारा, ती उधारीवर देणारा आणि तिच्याविषयी सल्ला देणारा विक्रेता गावोगावी उभा राहतो. नेल वीडर किंवा कोळपे एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. आणि ‘ओळीत पेरा’ किंवा ‘वाफशावर कोळपा’ हे ज्ञान तर विकताच येत नाही; ते एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी संपत नाही आणि शेजाऱ्याला त्यापासून वगळताही येत नाही. अर्थशास्त्रात अशा वस्तूंना सार्वजनिक वस्तू म्हणतात आणि त्यांचा पुरवठा बाजारपेठ नेहमीच अपुरा करते.

बराकपूरसारख्या संस्थांचे प्रयोजन नेमके येथे आहे. रसायनाची शिफारस करण्यास विक्रेताही पुढे येतो. परंतु रसायनाशिवाय किंवा कमीत कमी रसायनात काम कसे भागेल, हे शोधून विनामूल्य सांगण्याचे काम सार्वजनिक संस्थेशिवाय अन्य कोणी करण्याची शक्यता कमी असते. महाराष्ट्रात ही जबाबदारी कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विभागाची विस्तार यंत्रणा यांच्यावर येते. हलक्या कोळप्यांची भाड्याने उपलब्धता, ती चालविण्याचे स्त्रियांच्या बचतगटांना प्रशिक्षण आणि पेरणीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांत गावपातळीवर मिळणारा वेळेवर सल्ला यांवर होणारा खर्च तुलनेने अल्प आहे. भुईमुगातील एक-तृतीयांश घटीपैकी काही हिस्सा जरी त्यातून वाचला, तरी तो शेतकऱ्याच्या पदरात पडेल आणि खाद्यतेलाच्या आयातीचा भारही तेवढ्या प्रमाणात हलका होईल.